वेस्टगेट रोडचे आवार : न्यूकॅसल आणि ल्युई बॉडी डिमेन्शिया

इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीच्या काठी न्यूकॅसल हे शहर आहे. कोळसा आणि जहाजबांधणी यांवर ते वाढले. शहराच्या पश्चिमेला, वेस्टगेट रोडच्या चढावर, एकोणिसाव्या शतकात निराधारांसाठी एक 'वर्कहाउस' बांधले गेले. ज्यांना घर नाही, कमाई नाही, बघायला कोणी नाही अशा गरिबांना, त्यातही म्हाताऱ्यांना, तिथे आसरा मिळे आणि अंगात बळ असेल तर कामही करावे लागे. पुढे त्याच आवारात दवाखाना वाढत गेला आणि त्याचे न्यूकॅसल जनरल हॉस्पिटल झाले. ज्या आजारामुळे आपण सगळे या आधारगटात एकत्र आलो, त्या ल्युई बॉडी डिमेन्शियाचे आज जगभर वापरले जाणारे निकष, त्याबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा धोक्याचा इशारा आणि त्यावरच्या औषधाची पहिली मोठी चाचणी, या तिन्हींची मुळे या आवारात आहेत.

आपल्या गटाचा वृत्तांत या स्मरणिकेत आहेच. पण आपण ज्या ज्ञानाच्या आधाराने शुभार्थींची, म्हणजे आपल्या रुग्णांची, काळजी घेतो ते कुठून आले, हेही इथे नोंदले जावे असे स्मरणिका समितीला वाटले. 'संस्था' म्हटल्यावर डोळ्यांपुढे एक पाटी आणि एक कार्यालय येते. न्यूकॅसलचे तसे नाही. रुग्णालय, विद्यापीठ, वृद्धांच्या मनोविकारांचे वॉर्ड, मेंदूंचा संग्रह आणि प्रयोगशाळा असे मिळून झालेले हे काम आहे. त्यांची नावे बदलली, इमारती बदलल्या, माणसे निवृत्त झाली. मात्र काम करण्याची पद्धत टिकली.

त्या पद्धतीची सुरुवात मार्टिन रॉथ यांच्यापासून धरावी लागते. बुडापेस्टमध्ये जन्मलेले रॉथ १९५६ मध्ये न्यूकॅसलला मानसोपचाराचे प्राध्यापक म्हणून आले. 'साठी बुद्धी नाठी' हा समज केवळ आपल्याकडचा नाही. म्हातारपणी डोके चालेनासे व्हायचेच, किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक झाल्या की असे होते, असेच तेव्हा बहुतेक डॉक्टरही मानत. उतारवयातले नैराश्य, भ्रम, अचानक येणारा गोंधळ आणि डिमेन्शिया या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची पुढची वाटचालही वेगवेगळी असते, हे रॉथ यांनी न्यूकॅसलला येण्यापूर्वीच मांडले होते. न्यूकॅसलमध्ये त्यांना गॅरी ब्लेस्ड हे मनोविकारतज्ज्ञ आणि बर्नार्ड टॉमलिन्सन हे विकृतिशास्त्रज्ञ असे दोन सहकारी मिळाले.

या तिघांनी केलेले काम सांगायला सोपे आहे, करायला फार कठीण होते. ब्लेस्ड यांनी एक प्रश्नावली तयार केली. तिच्या मोठ्या भागाची उत्तरे रुग्णाने द्यायची नव्हती, त्याला रोज पाहणाऱ्या माणसाने द्यायची होती. घरातली नेहमीची कामे जमतात का? थोड्या पैशांचा हिशेब ठेवता येतो का? बाजारातून आणायच्या चार जिनसा लक्षात राहतात का? घरातल्या घरात वाट चुकते का? ओळखीच्या रस्त्यांवर? कालपरवा घडलेले आठवते का? बोलणे सारखे जुन्या काळाकडे वळते का? जेवताना सांडते का, कपडे उलटसुलट घातले जातात का, लघवीवर ताबा आहे का? प्रत्येक उत्तराला गुण होते. तो माणूस वारला की त्याचा मेंदू टॉमलिन्सन यांच्याकडे जाई. ते ठरावीक भागांचे पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले प्लाक, म्हणजे पेशींबाहेर साचलेल्या प्रथिनाचे डाग, मोजत. १९६८ मध्ये तिघांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरच्यांच्या सांगण्यावरून ज्यांचे गुण जास्त वाईट होते, त्यांच्या मेंदूत प्लाकही जास्त सापडले होते.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा क्षण आहे. बायकोने, मुलीने, सुनेने सांगितलेली गोष्ट कागदावर उतरली, तिला आकडा मिळाला आणि तो आकडा काचपट्टीवरच्या पुराव्याशेजारी ठेवला गेला. घरच्या माणसाची साक्ष वैद्यकशास्त्राने मानली. पुढे ल्युई बॉडी डिमेन्शियाचा शोध याच शहरात इतका सखोल झाला, तो या सवयीमुळे. या आजाराची निम्मी लक्षणे डॉक्टरांच्या खोलीत दिसतच नाहीत. ती दुपारी चार वाजता, मध्यरात्री, न्हाणीघराच्या दारात दिसतात.

सत्तरच्या दशकात इलेन पेरी यांनी या मेंदूंमधली रसायने मोजायला घेतली. मज्जापेशींमध्ये निरोप पोहोचवणारे ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य असते. ते तयार करणारे एन्झाइम अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत फार कमी झालेले असते, हे त्या काळात एडिंबरा, लंडन आणि न्यूकॅसल इथल्या तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवले. न्यूकॅसलच्या गटाने त्यात एक भर घातली. एन्झाइमची घट आणि रुग्णाने जिवंतपणी दिलेल्या चाचण्यांचे गुण यांचा मेळ त्यांनी १९७८ मध्ये मांडला. हे त्यांनाच शक्य होते, कारण त्यांच्याकडे मेंदूबरोबर त्या माणसाची जुनी नोंदही होती.

ऐंशीच्या दशकात इथल्या वृद्धांच्या वॉर्डांमध्ये काही रुग्ण कोणत्याच रकान्यात बसेनात. ते गोंधळलेल्या अवस्थेत दाखल होत. डॉक्टर जंतुसंसर्ग शोधत, औषधांचा दुष्परिणाम शोधत, काहीच सापडत नसे. सकाळी हा माणूस वर्तमानपत्रातली बातमी समजावून सांगे आणि संध्याकाळी त्याला सरळ वाक्य बोलता येत नसे. त्याला खोलीत माणसे, मुले, प्राणी स्पष्ट दिसत. तो वारंवार पडे. चालणे पार्किन्सनसारखे, पण हात थरथरणे फारसे नाही. अल्झायमर म्हणावे तर स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत. असे रुग्ण वारल्यावर इलेन यांचे पती रॉबर्ट पेरी यांनी मेंदू तपासले, तेव्हा अल्झायमरमध्ये दिसणारे गुंते त्यांत कमी होते. त्याऐवजी मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे विचार आणि दृष्टी यांच्याशी संबंधित भागांत, गोल गुलाबी ठिपके होते.

हे ठिपके नवे नव्हते. बर्लिनमधल्या ज्यू कुटुंबात १८८५ मध्ये जन्मलेले फ्रिट्झ ल्युई म्युनिकला आलोइस अल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मज्जापेशींमधले हे गोळे त्यांनी १९१२ मध्ये वर्णन केले. १९१९ मध्ये पॅरिसला ट्रेटियाकॉफ यांनी आपल्या प्रबंधात त्यांना ल्युईंचे नाव दिले. पुढे १९३३ मध्ये नाझी राजवटीत ल्युईंची नोकरी गेली. ते आधी इंग्लंडला आणि मग अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेले आणि १९५० मध्ये तिकडेच वारले. ज्या आजाराला पुढे आपले नाव लागणार होते, तो त्यांच्या हयातीत वेगळा आजार म्हणून कुणी ओळखला नव्हता.

ती ओळख पटवण्याचे पहिले श्रेय जपानचे केंजी कोसाका यांचे. १९७६ पासून त्यांनी एकामागून एक रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली. डिमेन्शिया आणि पार्किन्सन दोन्ही असलेल्या या माणसांच्या बाह्यकात ल्युई बॉडी भरलेल्या होत्या. नंतर काही काळ ते म्युनिकला गेले आणि तिथल्या संग्रहातल्या मेंदूंमध्येही त्यांना तेच सापडले. तरी युरोप-अमेरिकेत बरीच वर्षे हा जपानमधला दुर्मीळ आजार समजला गेला. त्याला एक तांत्रिक कारणही होते. मेंदूच्या देठातल्या ल्युई बॉडीभोवती फिकट वलय असते, ती चटकन नजरेत भरते. बाह्यकातली लहान असते, तिला वलय नसते, आणि नेहमीच्या रंगप्रक्रियेत ती आजूबाजूच्या पेशींत हरवून जाते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी युबिक्विटिन या प्रथिनाला चिकटणारी नवी रंगप्रक्रिया आली आणि हेच ठिपके तपकिरी रंगात ठसठशीत दिसू लागले. कपाटांतल्या जुन्या काचपट्ट्या पुन्हा बाहेर निघाल्या. १९९० मध्ये न्यूकॅसलच्या गटाने लिहिले, की रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्ध डिमेन्शिया रुग्णांपैकी सुमारे एकपंचमांशांना हा आजार असावा. दुर्मीळ समजला गेलेला आजार सगळ्या वॉर्डांमधून होता, फक्त त्याच्याकडे कुणी त्या नजरेने पाहिले नव्हते.

यानंतर न्यूकॅसलने जे केले, त्यासाठी आपल्यासारख्या कुटुंबांनी या संस्थेचे कायम ऋणी असावे. इयन मॅकीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या केसपेपरांतून एक गोष्ट शोधली. भास होतात, रुग्ण अस्वस्थ होतो, म्हणून हॅलोपेरिडॉलसारखी औषधे देण्याचा सर्रास प्रघात होता. ही औषधे मेंदूतल्या डोपामिन या, हालचालींसाठी लागणाऱ्या द्रव्याची वाट अडवतात. ल्युई बॉडीच्या रुग्णात डोपामिन आधीच कमी असते. १९९२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या त्यांच्या लेखातले आकडे असे : शवविच्छेदनाने निदान पक्के झालेल्या २० रुग्णांपैकी १६ जणांना ही औषधे मिळाली होती, त्यातल्या १३ जणांना त्रास झाला आणि ७ जणांचा त्रास तीव्र होता. शरीर ताठरणे, हालचाल थांबणे, शुद्ध हरपत जाणे, गिळता न येणे आणि त्यातून लवकर मृत्यू. संख्या लहान होती. पण ज्यांनी हे घरात पाहिले आहे त्यांना मोठी संख्या लागत नाही.

आमच्या घरी ते पाहिले आहे. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, दुपारी दिवाणावर बसलेल्या लहान मुलांशी बोलत. भीती अजिबात नसे. उलट मला हाक मारून म्हणत, "अगं, त्या पोरांना काही खायला दे." आम्हीही सवयीने एक वाटी चिवडा तिथे ठेवत असू, आणि त्यांचे समाधान होई. नंतर खुब्याचे हाड मोडले म्हणून त्यांना दाखल करावे लागले. परक्या खोलीत, रात्री, भास वाढले, ते नळ्या ओढू लागले. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी नेहमीचे इंजेक्शन दिले. सकाळी अण्णा लाकडासारखे ताठ होते. तोंडात घातलेले पाणी ओठांतून बाहेर येत होते. त्यातून ते सावरले, पण पुन्हा पूर्वीसारखे चालले नाहीत. त्या डॉक्टरांना दोष द्यावा असे मला वाटले नाही. ल्युई बॉडी हा शब्द अण्णांच्या फायलीवर कुठेही लिहिलेला नव्हता. निदानच झालेले नव्हते.

निदान सगळीकडे सारखे व्हावे, यासाठीच न्यूकॅसलने ऑक्टोबर १९९५ मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा बोलावली. तोवर या एकाच आजाराला अनेक नावे होती. कोसाकांचे नाव वेगळे, न्यूकॅसलचे वेगळे, कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या गटाचे आणखी वेगळे, आणि त्यांच्या मते तर हा अल्झायमरचाच एक प्रकार. शास्त्रज्ञांच्या बैठकीत नावावरून काय होऊ शकते याची कल्पना करता येते. पण इथे सगळ्यांनी आपापली नावे बाजूला ठेवली आणि 'डिमेन्शिया विथ ल्युई बॉडीज' या नावावर एकमत केले. यजमान न्यूकॅसल असूनही न्यूकॅसलचे नाव लादले गेले नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकषांवर मॅकीथ आणि पेरी दांपत्य यांच्या सह्या आहेत, तशा कोसाकांच्याही आहेत. मला या संस्थेबद्दल आदर वाटतो त्याची ही एक मोठी बाजू आहे. अग्रक्रमाचा हट्ट धरला असता तर आणखी दहा वर्षे रुग्ण वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेले राहिले असते, आणि औषधांच्या चाचण्या करायला कुणाला पुरेसे रुग्णच मिळाले नसते.

ते निकष पुढे तीनदा सुधारले गेले : १९९८ ची बैठक ॲमस्टरडॅमला, २००३ ची पुन्हा न्यूकॅसलला आणि २०१५ ची अमेरिकेत फ्लोरिडाला झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निकष आज आपले न्यूरॉलॉजिस्ट वापरतात. त्यात चार मुख्य लक्षणे आहेत. भानावर असण्यातले चढउतार, वारंवार होणारे स्पष्ट दृश्यभास, पार्किन्सनसारखी हालचाल, आणि झोपेत स्वप्नातल्या हालचाली प्रत्यक्ष करणे. शेवटचे लक्षण कित्येकदा डिमेन्शियाच्या आधी बरीच वर्षे दिसते. आपल्या बैठकांत किती बायका सांगतात, की नवरा पन्नाशीत असल्यापासून झोपेत लाथा मारायचा, ओरडायचा, एकदा पलंगावरून पडला. त्यांना ते कोणी विचारलेच नव्हते. आता निकषांत तो प्रश्न आहे आणि तो शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारायचा आहे. ब्लेस्ड यांच्या प्रश्नावलीशी त्याचे नाते उघड आहे.

एक वर्षाचा नियमही या निकषांतलाच. डिमेन्शिया आधी आला, किंवा हालचालींच्या त्रासानंतर एका वर्षाच्या आत आला, तर 'डिमेन्शिया विथ ल्युई बॉडीज'. पार्किन्सन पक्का झाल्यावर एक वर्षाहून जास्त काळाने आला तर 'पार्किन्सन्स डिसीज डिमेन्शिया'. दोन्ही मिळून ल्युई बॉडी डिमेन्शिया. मेंदूत शेवटी दोन्हींत एकच गोष्ट दिसते. ल्युई बॉडीचा मुख्य घटक आल्फा-सिन्युक्लीन हे प्रथिन आहे, हे १९९७ मध्ये केंब्रिजच्या मारिया स्पिलांटिनी, मिशेल गोडर्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले. तो शोध न्यूकॅसलचा नाही. पण त्यानंतर न्यूकॅसलच्या संग्रहातल्या मेंदूंचे मोल कितीतरी वाढले.

औषधाकडे येऊ. ल्युई बॉडीच्या मेंदूत ॲसिटिलकोलीनची घट अल्झायमरपेक्षाही जास्त असते, आणि ज्यांना भास होतात त्यांच्यात विशेष जास्त, हे इलेन पेरी यांच्या मोजमापांतून आधीच कळले होते. मग अल्झायमरसाठी आलेली, हे द्रव्य टिकवून धरणारी औषधे इथे जास्त उपयोगी पडावीत, असा तर्क निघाला. मॅकीथ यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटन, स्पेन आणि इटलीतल्या १२० रुग्णांवर रिव्हास्टिग्मिनची चाचणी झाली आणि २००० मध्ये लॅन्सेटमध्ये तिचे निष्कर्ष आले. भास, भ्रम, उदासीनता आणि नैराश्य मिळून मोजलेल्या गुणांत किमान ३० टक्के सुधारणा औषध घेणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांत दिसली, तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिलेल्यांपैकी ३० टक्क्यांत. हे औषध आजार थांबवत नाही. पण आपल्या गटातल्या कित्येक घरांत त्याने दुपारची तीन-चार तासांची ओळख परत आणून दिली आहे. भारतात ते गोळ्यांत आणि त्वचेवर लावायच्या पॅचमध्ये मिळते, आणि आज आपल्याला ते लिहून मिळते त्यामागे कित्येक दशके सांभाळलेल्या नोंदी आहेत.

निदानाचे साधनही इथे पारखले गेले. डोपामिन परत शोषून घेणाऱ्या मज्जातंतूंची टोके दाखवणारा स्कॅन ल्युई बॉडी आणि अल्झायमर यांत फरक करू शकतो का, याची तपासणी मॅकीथ, जॉन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांतल्या ३२६ रुग्णांवर केली. २००७ मध्ये आलेल्या अहवालात या स्कॅनची नेमकेपणाची टक्केवारी ९० च्या घरात होती. म्हणजे ल्युई बॉडी नसलेल्या दहांपैकी नऊ जणांना तो बरोबर वगळतो. आपल्याकडे त्याच जातीचा ट्रोडॅट स्कॅन मोठ्या शहरांत होतो.

आता मेंदूंच्या संग्रहाविषयी. न्यूकॅसल ब्रेन टिश्यू रिसोर्स याच जुन्या आवारात वाढला. दाता जिवंत असताना संमती देतो, दर काही काळाने त्याच्या स्मरणाच्या, हालचालींच्या चाचण्या होतात, घरच्यांशी बोलणे होते. मृत्यूनंतर शक्य तितक्या लवकर मेंदू काढून आणला जातो. त्याचे दोन अर्धे केले जातात. एक अर्ध फॉर्मॅलिनमध्ये काही आठवडे ठेवून घट्ट केले जाते, त्याचे काप मेणात बसवून काचपट्ट्या होतात. दुसऱ्याचे जाडसर काप ताबडतोब गोठवून उणे ८० अंशांवर ठेवले जातात, कारण रसायने मोजायची तर पेशी गोठलेल्याच हव्यात. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो, नाव नसते. मात्र क्रमांकामागे त्या माणसाची वर्षानुवर्षांची फाइल असते. निदान काय ठरले, हे घरच्यांना हवे असल्यास कळवले जाते. या टप्प्यावर अनेकांना पहिल्यांदा समजते, की ज्याला आपण अल्झायमर म्हणत होतो तो ल्युई बॉडी होता. २००७ च्या सुमारास ब्रिटनमध्ये मेंदूदानासाठी सहा केंद्रांचे जाळे उभे राहिले, त्यात न्यूकॅसल होतेच.

भारतात असा संग्रह बंगळूरुच्या निम्हान्समध्ये आहे. प्रा. एस. के. शंकर यांनी तो १९९५ मध्ये, म्हणजे न्यूकॅसलच्या पहिल्या कार्यशाळेच्या वर्षीच, सुरू केला. महाराष्ट्रात नेत्रदान आणि देहदान आता अपरिचित राहिलेले नाही. मेंदूदानाबद्दल मात्र आपण अजून बोलायलाही सुरुवात केलेली नाही. भारतीय ल्युई बॉडी रुग्ण परदेशी रुग्णांपेक्षा काही बाबतींत वेगळा असतो का, या प्रश्नाचे उत्तर भारतीय मेंदूंशिवाय मिळणार नाही.

शोध लागले, निकष झाले, तरी निदान होतेच असे नाही, याचा सर्वांत प्रामाणिक पुरावाही न्यूकॅसल आणि केंब्रिज यांनीच दिला. ओब्रायन केंब्रिजला गेल्यावर दोन्ही ठिकाणांनी मिळून 'डायमंड-ल्युई' हा प्रकल्प चालवला. त्यात ईशान्य इंग्लंड आणि ईस्ट अँग्लिया या दोन भागांतल्या नेहमीच्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या. डिमेन्शियाच्या रुग्णांपैकी फक्त ४.६ टक्क्यांना 'डिमेन्शिया विथ ल्युई बॉडीज' हे निदान दिलेले होते. ईशान्येत ५.६ आणि ईस्ट अँग्लियात ३.३ टक्के. शवविच्छेदनात दिसणारे प्रमाण याच्या कितीतरी पट असते. ज्या भागात या आजाराचे निकष ठरले तिथेही बहुसंख्य रुग्ण निसटत होते. त्यांनी हा आकडा लपवला नाही. उलट त्यावरून दवाखान्यात डॉक्टरांनी विचारायच्या प्रश्नांचा छोटा संच बनवला, उपचारांसाठी मार्गदर्शक पुस्तिका तयार केली आणि दोन्ही सर्वांसाठी खुली ठेवली.

भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे. त्यातल्या ल्युई बॉडीच्या माणसांना 'वय झालं', 'बाहेरचं काही लागलं', 'पार्किन्सनच्या गोळ्या डोक्यात गेल्या' असेच बहुधा ऐकावे लागते. हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे.

कुटुंबांचे संघटन न्यूकॅसलच्या शास्त्रज्ञांनी उभारले नाही. ते कुटुंबांनीच केले, आणि शास्त्रज्ञ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अमेरिकेत २००३ मध्ये काही काळजीवाहकांनी ल्युई बॉडी डिमेन्शिया असोसिएशन काढली. ब्रिटनमध्ये २००६ मध्ये ल्युई बॉडी सोसायटी स्थापन झाली. जपानमध्ये कोसाकांनी स्वतः कुटुंबांना एकत्र आणले. ते २०२३ मध्ये वारले. २०१४ मध्ये अभिनेते रॉबिन विल्यम्स गेले आणि शवविच्छेदनात हा आजार निघाला, तेव्हा त्यांच्या पत्नीने वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. त्यानंतर सर्वसामान्य लोकांनी या आजाराचे नाव ऐकले. आपल्याकडे डिमेन्शियासाठी १९९२ मध्ये केरळात स्थापन झालेली एआरडीएसआय (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) ही संस्था आहे, आणि पार्किन्सनचे आधारगट आहेत. ल्युई बॉडीची माणसे या दोन्हींच्या मध्ये अडकतात. म्हणून आपला गट.

वेस्टगेट रोडचे रुग्णालय आता जुन्या रूपात नाही. त्या आवाराला वार्धक्याच्या अभ्यासाचा परिसर म्हणून नवे नाव मिळाले. संशोधन मात्र थांबले नाही. २०२० मध्ये मॅकीथ यांच्या पुढाकाराने, पूर्ण डिमेन्शिया होण्याआधीच्या टप्प्यासाठीही संशोधनाचे निकष आले. आल्फा-सिन्युक्लीन जिवंत माणसाच्या पाठीच्या पाण्यात किंवा त्वचेच्या छोट्या तुकड्यात शोधण्याच्या तपासण्या आता प्रत्यक्षात आल्या आहेत.

या अंकाच्या शेवटच्या पानावर कापून पाकिटात ठेवण्यासारखे एक कार्ड छापले आहे. एका बाजूला शुभार्थीचे नाव, निदान आणि न्यूरॉलॉजिस्टचा फोन लिहायला जागा आहे. दुसऱ्या बाजूला मराठीत आणि इंग्रजीत लिहिले आहे : 'या व्यक्तीला ल्युई बॉडी डिमेन्शिया आहे. हॅलोपेरिडॉल देऊ नये. उलटी किंवा चक्कर यांसाठी मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन टाळावे. भास होत असल्यास आधी संसर्ग, बद्धकोष्ठ, लघवी अडकणे, वेदना आणि नवी औषधे तपासावीत. चालू औषधे अचानक बंद करू नयेत.' अपघात विभागात, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आणि रात्रपाळीच्या परिचारिकेला हे कार्ड मागण्याची वाट न पाहता दाखवावे, आणि एक प्रत रुग्णाच्या फायलीच्या पहिल्या पानावर टाचून द्यावी.